शिवणीतली नोट

बुकावू शहरातल्या कादुतू बाजारात, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांची रांग संपते तिथे, वाबिवा काकूचे शिवणयंत्र होते. पायाने चालवायचे, काळे, चाकावरचा सोनेरी रंग उडालेले. शेजारच्याच फळकुटावर बुलांबो काका रेडिओ दुरुस्त करत. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. काका-काकू दोघांचे मिळून बोलण्याचे काम काका एकटेच करत. गिऱ्हाइकाशी, शेजाऱ्याशी, उघड्या रेडिओच्या तारांशीही. काकू मान खाली घालून पाय हलवत असे. कोणी काही विचारले, तर ती आधी टाका पुरा करी आणि मग उत्तर देई. तोवर बहुतेकदा काकांनी ते देऊन टाकलेले असे.

मी शाबुंड्याहून, आमच्या गावाहून, कॉलेजसाठी बुकावूला आलो तेव्हा त्यांच्याच घरी राहिलो. पुढे मला मास्तरकी लागली, मी वेगळी खोली घेतली, पण रविवारचे जेवण काकूकडेच राहिले. तिची मुलगी तुलिझो लग्न होऊन उविराला गेली होती. त्यामुळे त्या जेवणाला आम्ही तिघेच असू.

शाळा उघडायच्या सुमारास काकूसमोर पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग लागे. एरवी ती बायकांचे झगे शिवी. पण बाजारात तिचे नाव होते ते एका वेगळ्याच कामासाठी. मीठ, साबण, खारवलेले मासे घेऊन आतल्या खाणींच्या गावांना छोट्या विमानाने जाणाऱ्या बायका निघण्यापूर्वी तिच्याकडे येत आणि ‘वाटेचा खिसा’ शिवून घेत.

विमानाचे भाडे सगळ्यांना आधी ठाऊक असते. ते ठरवता येते, घासाघीस करता येते. पण भलत्याच ठिकाणी पाऊस पकडतो, विमान उतरते, आणि मग तिथल्या धावपट्टीचा कर, राखणदाराचे पैसे, हमालाचे पैसे, रात्रीच्या चटईचे पैसे, आणि कधीकधी ज्याचे नावही आधी ऐकलेले नसते असे काहीतरी भरावे लागते. त्यासाठी प्रत्येक बाई एखादी मोठी नोट अंगावर वेगळी ठेवते. ती मालात घालायची नाही, नवऱ्याला सांगायची नाही.

आता आमच्या इथल्या फ्रँकची नोट फाटो, तेलकट होवो, मधोमध चिकटपट्टी लावलेली असो, ती चालते. डॉलरचे तसे नाही. कोपरा दुमडून तुटला, पेनाची रेघ उठली, टाचणीचे भोक पडले की त्याचा कागद होतो. घेणारा आधी तो उजेडात धरतो आणि मगच तुमच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून काकू जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुती कापडाची चपटी पिशवी करी, तिचे तोंड सैल ठेवी, नोट गिऱ्हाइकाच्याच हाताने आत सरकवायला लावी आणि तोंड हाताने दोन टाके घालून बंद करी. मग ती पिशवी झग्याच्या किंवा कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, कितेंगेच्या, काठात, आतल्या बाजूने, कडेकडेने बसवी. सुई कुठेही नोटेजवळ जात नसे. कितीतरी बायकांचे डॉलर अशा खिशांत बसून जंगलावरून गेले आणि जसेच्या तसे परत आले.

काकांना कावीळ झाली. तीत बरेच महिने गेले. शेवटच्या दिवसांत ते फार बोलत नसत, आणि त्यामुळे घरात यंत्राचाच आवाज उरला. एका रविवारी त्यांनी मला जवळ बसवले.

“मला इथे डोंगरावर पुरू नका,” ते म्हणाले.

“काका, आत्ता कशाला हा विषय?”

“आत्ताच. नंतर मी बोलणार आहे का?” ते थोडे हसले. “इथली माती पावसात खाली सरकते. गेल्या साली रेडिओवाल्या मुंगांगाची आई दुसऱ्याच्या भिंतीपाशी सापडली. माणूस मेल्यावर तरी एका जागी राहिला पाहिजे. मला शाबुंड्याला न्या. तुझ्या आजोबांशेजारी. सफूच्या झाडाखाली.”

काकू दारात उभी होती. “नेते,” ती म्हणाली. तिने टाका पुरा करण्याची वाट पाहिली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

शाळेला सुट्टी लागली आणि मी गावी गेलो. तिथेच काका गेल्याचा फोन आला. पुढचे सगळे मला एक तर नाबिंतूने सांगितले, नाहीतर फार उशिरा काकूने. नाबिंतू ही खारवलेल्या माशांची व्यापारीण. काकूची जुनी गिऱ्हाईक, आणि त्या विमानात तिच्या शेजारी बसलेली.

दवाखान्यातून काकांना घरी आणले ती दुपारची वेळ होती. अंगणात बायका गात होत्या. आमच्या घराची रीत अशी की नवरा गेल्यापासून तो मातीत जाईपर्यंत बायकोने अन्नाला आपण होऊन हात लावायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी तिच्या तळहातावर घास ठेवायचा, तेवढाच तिने खायचा. बायका घास ठेवत होत्या आणि काकू तो खात होती. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि यंत्र सुरू झाले. बायकांना वाटले, कफन शिवते आहे. कोणी आत गेले नाही.

भाड्याचे पैसे बाजाराने जमवून दिले होते. शवपेटीचे वजन मालाच्या दराने लागणार होते आणि तेही जमले होते. काकूजवळ स्वतःची अशी शंभर डॉलरची एक नोट उरली होती. तिने आपल्या कितेंगेचा काठ दुमडला, त्यात नोट ठेवली आणि यंत्र चालवले. पिशवी केली नाही, मऊ कापड घेतले नाही, नोट आणि काठ एकत्र दुमडून सरळ एक शिवण घातली. नंतर कधीतरी मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “काठ शिवत होते. काठ असाच शिवतात.”

विमानतळावर वजनाचा काटा एका छपराखाली असतो. आधी माल चढतो, मग माणूस हातातल्या सामानासकट चढतो. नाबिंतू काट्यावर उभी राहिली आणि श्वास रोखून धरला.

“बाई, श्वासाचं वजन नसतं,” काटेवाला म्हणाला.

“तुझ्या काट्याला असतं. मागच्या खेपेला तुम्ही माझ्या डोक्यावरचं फडकंसुद्धा मोजलं होतं.”

“फडक्यात मासे होते.”

“दोनच होते. आणि ते तूच खाल्लेस.”

लोक हसले. मग पेटी काट्यावर ठेवली आणि हसणे थांबले. काटेवाल्याने आकडा मोठ्याने सांगितला नाही. काकूकडे वळून तो हळूच म्हणाला, “वहिनी, आता तुम्ही.” काकू काट्यावर चढली आणि खाली उतरली. काट्याकडे तिने पाहिले नाही.

विमानात आसनांची एक छोटी रांग होती. बाकीचे लोक साबणाच्या खोक्यांवर बसले होते. पेटी मधोमध, दोऱ्यांनी फळीला बांधलेली. काकूच्या पायाला ती लागत होती. ती पाय काढून घेत नव्हती, असे नाबिंतूने सांगितले.

शाबुंड्याच्या आधी विमान इसेझ्याला उतरायचे होते. इसेझ्या म्हणजे जंगलात कापून काढलेली गवताची एक पट्टी, कथिलाच्या खाणीवर जगणारी काही घरे आणि पत्र्याची एक खोली. साबण उतरवायचा, आणि लगेच निघायचे. साबण उतरवता उतरवता पाऊस आला. तो दुपारभर पडला. कॅप्टन राजधानीचा, किन्शासाचा होता. त्याने बूट काढले, पँट दुमडली, पट्टीवर थोडा चालून आला आणि पंखाखाली येऊन पाय पुसत बसला.

“आज नाही,” तो म्हणाला. “चाक रुततं. उद्या सकाळी.”

इसेझ्यात फोन लागत नाही. लोकांनी विमानाच्या पोटाखाली, छपराखाली, जिथे कोरडे होते तिथे जागा धरली. पेटी खाली उतरवून पत्र्याच्या खोलीच्या पडवीत ठेवली. काकू तिच्याजवळ बसली. धावपट्टीचा प्रमुख सेलेमानी छत्री घेऊन आला. दारिद्र्य आणि अधिकार दोन्ही अंगावर नीट बाळगणारा, पन्नाशीचा माणूस. त्याच्यामागे त्याची बायको होती, भाजलेल्या केळ्यांचे टोपले घेऊन.

सेलेमानीने आधी विमानाच्या मुक्कामाचा कर मागितला. त्यावर थोडा गलका झाला. शेवटी नाबिंतूने आपले फडके फिरवले आणि प्रत्येकाने फ्रँक टाकले. राखणदाराचेही त्यातच भागले. काकूनेही आपला वाटा टाकला. तिच्याजवळ फ्रँक तेवढेच होते.

मग सेलेमानीने छत्री मिटली आणि काकूसमोर उकिडवा बसला.

“वहिनी, मला वाईट वाटतं. पण हे वेगळं आहे,” तो म्हणाला. “परका मृतदेह या जमिनीवर रात्र काढतोय. जमिनीच्या मालकाला बकरं द्यावं लागतं. नाहीतर दोन बकऱ्यांची किंमत.”

“एक की दोन?” नाबिंतूने विचारले. “आधी एक म्हणालास, मग दोन झाली. बोलता बोलता व्याली का?”

“एक मालकाला. एक गावाला.”

“गाव कुठंय? मला तर पाच झोपड्या दिसतात.”

“मोजत बसू नकोस, ताई. ही काही माझी रीत नाही. मी इथला नोकर. मृतदेह न विचारता राहिला आणि उद्या खाणीत कोणी दबलं, तर ते माझ्या दारात येतील. तुझ्या नाही.”

“पाऊस आम्ही पाडला का?”

“मीही नाही पाडला.”

बोलणी लांबली. दोन बकऱ्यांची किंमत एका बकऱ्यापर्यंत आली. मग बकऱ्याच्या आकाराची चर्चा झाली. शेवटी आकडा शंभर डॉलरवर थांबला, कारण तिथून पुढे सेलेमानी नुसता मान हलवत राहिला. पैसे दिले नाहीत तर पेटी सकाळी विमानात चढणार नाही. ती इथेच, पट्टीच्या पलीकडे, परक्यांसाठी राखलेल्या जागेत पुरावी लागेल. खणायला माणसे तो देईल. त्याचे पैसे नकोत. हे त्याने फार नम्रपणे सांगितले.

काकू इतका वेळ ऐकत होती. तिने कितेंगेचा काठ मांडीवर ओढला. नाबिंतूकडून चाकू मागितला, आणि शिवण उसवू लागली. उसवण्यातही तिचा हात सरळच चालत होता. टाके एकेक करून सुटले, नोट बाहेर आली, आणि तिने ती सेलेमानीपुढे धरली.

सेलेमानीने ती घेतली, उठला, पडवीच्या कडेला गेला आणि ढगातून जेवढा उजेड येत होता तेवढ्यात ती धरली. नाबिंतू म्हणते, तिला आधी कळलेच नाही काय दिसते आहे ते. नोटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत उजेडाच्या ठिपक्यांची एक रेघ होती. एकसारख्या अंतराची, जराही वाकडी न झालेली. नोट दुमडलेली असल्यामुळे तशीच दुसरी रेघ खाली होती.

कॅप्टन आला, त्याने पाहिले आणि परत गेला.

“तुलिझोची आई,” नाबिंतू म्हणाली, “हे तू केलंस?”

“हो.”

“तू? तू माझी नोट कधी सुईला दाखवलीसुद्धा नाहीस.”

काकूने नोटेकडे पाहिले. “शिवण बरी आहे,” ती म्हणाली. ती चेष्टा नव्हती. ती स्वतःला दोषही देत नव्हती. समोर एक शिवण होती आणि ती बरी होती.

सेलेमानीने नोट परत तिच्या मांडीवर ठेवली. “वहिनी, ही मी घेतली तर मी घेतली असं होईल, पण मालकाला पोचली असं होणार नाही. खाणीच्या बाजारात हिला कोणी हात लावणार नाही. मला बकरंही मिळणार नाही आणि कागदही पुरायला लागेल.”

नाबिंतूने पुन्हा फडके फिरवले. थोडे फ्रँक आले. एकाने टॉर्चचे दोन सेल टाकले. तेवढ्यात बकऱ्याचा पायही आला नसता. “माझा डॉलर आता सगळा माशात आहे, बाई,” ती काकूला म्हणाली. “मासे देते. हवे तेवढे घे.” सेलेमानीने माशांकडे पाहिले आणि सांगितले की जमिनीचा मालक खारट खात नाही. त्याला रक्तदाब आहे.

संध्याकाळी सेलेमानीची बायको टोपले घेऊन पुन्हा आली. काकू केळ्याकडे पाहत होती, घेत नव्हती. नाबिंतूने रीत सांगितली. त्या बाईने केळे सोलले, तुकडा केला आणि काकूच्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. काकूने खाल्ले. पैशाचे त्या बाईने विचारले नाही. नवरा जवळच उभा होता, त्यानेही नाही.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला कथिल खरेदी करणारा एक माणूस बरेच दिवस अडकून पडला होता. पायात शहरी बूट, चिखलाने भरलेले. त्याला शाबुंड्याला जायचे होते आणि आलेल्या एकाही विमानात जागा नव्हती. तो येऊन कॅप्टनशी बोलला. कॅप्टनने मान हलवली. विमान भरलेले होते. त्यांचे बोलणे काकूला ऐकू गेले असावे. ती उठून त्यांच्यापाशी गेली.

“माझी जागा घ्या,” ती त्या माणसाला म्हणाली.

“आणि तुम्ही?”

“शंभर डॉलर. चांगली नोट हवी.”

त्या माणसाने कॅप्टनकडे पाहिले. कॅप्टन म्हणाला, “जागा तिची आहे. ती देत असेल तर मी कोण. तुझं वजन मात्र बघावं लागेल.” मग तो काकूकडे वळला. “बाई, पुढचं विमान कधी येईल सांगता येत नाही. आठवडा लागेल.”

“मी चालत जाईन.”

“शाबुंडा चार दिवसांची वाट आहे. जंगल आहे. कशाला? पेटी राहू दे, दुसऱ्या विमानाने—”

“उन्हात आठवडा?” काकूने विचारले.

कॅप्टनने पडवीतल्या पेटीकडे पाहिले.

“त्यांना चालता येत नाही,” काकू म्हणाली. “मला येतं.”

नाबिंतूने पुष्कळ वाद घातला. ती म्हणाली, मी उतरते, तू जा. पण तिच्याबरोबर माशांची खोकी होती आणि ती खोकी विकल्याशिवाय तिच्या घरी चूल पेटणार नव्हती. काकूने तिला एवढेच सांगितले, “पेटी उतरवताना आधी पायाची बाजू. डोकं वर राहू दे. त्यांना उलटं झोपायला आवडत नाही.”

त्या माणसाची नोट कोरी होती. सेलेमानीने ती उजेडात धरली आणि घडी न घालता टोपीत ठेवली. सकाळी पेटी चढली. दोऱ्या बांधल्या. काकूने त्या ओढून पाहिल्या, एक गाठ सोडून पुन्हा बांधली आणि खाली उतरली. विमान गेले तेव्हा ती पट्टीच्या कडेला उभी होती. नाबिंतूने खिडकीतून हात केला. काकूने हात केला नाही. ती गवतातली चाकांची खूण पाहत होती.

शाबुंड्याच्या धावपट्टीवर मी, बाबा आणि घरातले पुरुष आदल्या दिवसापासून येऊन बसलो होतो. विमान थांबले, दार उघडले. आधी शहरी बुटांचा एक अनोळखी माणूस उतरला आणि आमच्याकडे न पाहता निघून गेला. मग नाबिंतू.

“आधी पाय,” ती आतल्या हमालांना सांगत होती. “डोकं वर. नीट. तिने सांगितलंय.”

पेटी खाली आली. बाबांनी दाराकडे पाहिले. आतून आता फक्त खोकी येत होती.

“वाबिवा कुठंय?” बाबांनी विचारले.

“येतेय, दादा,” नाबिंतू म्हणाली. “पायी.”

मग तिने तिथेच, माशांच्या खोक्यावर बसून, सगळे सांगितले. आम्ही उभ्याने ऐकले. ऐकून झाल्यावर बाबांनी पेटीची एक बाजू धरली आणि आम्ही निघालो.

तिच्यासाठी थांबावे असे बाबांचे मन होते. म्हाताऱ्यांनी नाही म्हटले, आणि पेटीजवळ गेल्यावर देह आणखी ठेवता येणार नाही हे बाबांनाही कळले. त्याच संध्याकाळी सफूच्या झाडाखाली, आजोबांच्या शेजारी, आम्ही काकांना ठेवले. पायाची बाजू आधी. खड्डा भरत आला तेव्हा बाबांनी फावडे थांबवले. एका टोपलीत माती भरून घेतली, ती बाजूला ठेवली आणि तिच्यावर पत्र्याचा तुकडा झाकला.

काकू सायकलवाल्यांबरोबर आली. ते पामतेलाचे डबे सायकलींना लटकवून जंगलातून सायकली ढकलत येतात. चढावर स्वतः ढकलतात, उतारावर सायकल त्यांना ओढते. वाटेत त्यांनी तिच्याबद्दल फार काही विचारले नव्हते. पहिल्या मुक्कामाला तिने आपली रीत सांगितली. नवरा मातीत गेला की नाही हे मला माहीत नाही, ती म्हणाली, तेव्हा हात लावता येत नाही. त्यांनी आपापसात वाटून घेतले, आणि प्रत्येक जेवणाला त्यांच्यातला एक जण तिच्या तळहातावर कसाव्याचा घास ठेवत असे. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्याने मला हे सांगितले आणि म्हणाला, “चढावर ती मागून ढकलायची. आम्ही नको म्हटलं तरी.”

अंगणात येऊन ती उभी राहिली. पाय सुजले होते, कितेंगेचा काठ एका बाजूला उसवलेला होता आणि खाली लोंबत होता. बायका तिला पाहून मोठ्याने रडायला लागल्या. ती थांबली. रडणे ओसरल्यावर तिने बाबांना विचारले, “झालं?”

“झालं,” बाबा म्हणाले.

“पेटी भिजली होती का?”

“नाही.”

तिने मान हलवली. बाबांनी तिला झाडाखाली नेले, पत्रा उचलला. तिने टोपली दोन्ही हातांनी उचलली, माती ओतली आणि तळहाताने चापून सारखी केली. कडेला थोडी उंच राहिली होती, ती बोटाने खरवडून मधोमध आणली. झगा पुरा झाल्यावर ती असाच हात फिरवत असे. ती रडली नाही. माझ्या आईने शिजवलेल्या पिठाच्या बुगालीचा घट्ट गोळा आणि पाल्याची भाजी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “आता घे गं. आता घ्यायचं.” काकूने ताटाकडे पाहिले. मग तळहात पुढे केला. आईने एक घास मोडून तिच्या हातावर ठेवला.

शाबुंड्यात ती राहिली तेवढे दिवस ती हात पुढे करत राहिली आणि आई, मी, कोणी ना कोणी घास ठेवत राहिलो. म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या की रीत संपली आहे. बाबांनी त्यांना गप्प केले. ती सगळे करायची. पाणी आणायची, पाला निवडायची, लहानांचे कपडे सांधायची. कोणी बोलले तर उत्तर द्यायची. फक्त ताटाशी यायची तेव्हा तिचा हात उताणा असायचा.

सुट्टी संपत आली तेव्हा मी तिला घेऊन निघालो. घरच्यांनी भाड्याचे जमवले. ती काट्यावर चढली, उतरली. विमान वाटेत इसेझ्याला थांबले, कथिलाची पोती घ्यायला. ऊन होते. लोक पाय मोकळे करायला उतरले. काकूही उतरली आणि पत्र्याच्या खोलीच्या पडवीपाशी जाऊन उभी राहिली.

सेलेमानी आला. त्याने टोपी काढली. “वहिनी. पोचले का दादा?”

“पोचले.”

“नीट?”

“नीट.”

तो आणखी काही बोलणार होता, पण त्याची बायको टोपले घेऊन पुढे आली. तिने काकूला ओळखले. तिने केळे सोलले, तुकडा केला आणि काकूच्या हाताकडे हात नेला. काकूचा तळहात वर आलाच नव्हता. तो बाजूलाच होता. बाई तुकडा हातात धरून तशीच थांबली.

“सोललेलं नको,” काकू म्हणाली. “गरम आहे ते दे.”

तिने वाकून टोपल्यात हात घातला, केळी दाबून पाहिली आणि त्यातली दोन निवडली. एक मला दिले. मग तिने कितेंगेच्या कमरेच्या गाठीतून पैसे काढले. काठातून नाही. काठ तिने अजून शिवला नव्हता. “किती झाले?” तिने विचारले. “आणि त्या दिवशीची केळी धरून.”

“त्या दिवसाचे नाही,” बाई म्हणाली.

“धर,” काकू म्हणाली.

तिने फ्रँकची एक नोट पुढे केली. मळकी, मधोमध फाटलेली, चिकटपट्टीने जोडलेली, पट्टीची कडही आता सुटत आलेली. बाईने ती न पाहता घेतली आणि टोपल्यातल्या फडक्याखाली ठेवली. कॅप्टनने हाक मारली. काकू केळे खात खात विमानाकडे चालू लागली.